रस्ता माणसांसाठी खुला करताना: गोव्यातल्या शहरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीचा १८ जून रस्ता, मडगावच्या नव्या बाजाराभोवतालचे रस्ते, म्हापशाच्या बाजारपेठेकडे उतरणारा चढाव. यांपैकी कुठलाही रस्ता ‘संध्याकाळी गाड्यांना बंद ठेवला तर?’ असे कोणी नुसते बोलले तरी पाच मिनिटांत दहा प्रश्न येतात, आणि त्यातले बरेचसे रास्त असतात. ते इथे एकत्र केले आहेत. आमची बाजू लपवत नाही: बाजारपेठांतले काही रस्ते सणावारी मिळतात तसे साध्या दिवशीही, निदान काही तास, माणसांना मिळावेत असे आमचे मत आहे. मात्र विरोध करणाऱ्यांचे म्हणणे जिथे बरोबर वाटले तिथे तसे लिहिले आहे.

रस्ता खुला करायचा म्हणजे गाड्या कायमच्या बंद?

क्वचितच. कोपनहेगनमधला स्ट्रॉएट १९६२ साली गाड्यांना बंद झाला तो आजतागायत बंद आहे. आपल्याकडे गंगटोकचा महात्मा गांधी मार्ग तसा आहे. दिल्लीच्या चांदनी चौकात लाल किल्ला ते फत्तेपुरी मशीद या पट्ट्यात सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना मज्जाव आहे, म्हणजे ठरावीक तासांपुरता. तिसरा प्रकार नेदरलँडमधल्या डेल्फ्ट शहरात १९७०च्या सुमारास रुजला. तिथे गाडी घरापर्यंत जाते, पण माणसाच्या चालीने. रस्त्यावर पहिला हक्क चालणाऱ्याचा आणि खेळणाऱ्या पोरांचा, गाडीवाला पाहुणा.

गोव्यातल्या बहुतेक ठिकाणी दुसरा किंवा तिसरा प्रकारच शोभेल. बाजाराला ठरावीक तास, वाड्यांना संथ गती. पहिला प्रकार फार तर एखाद्या चौकापुरता.

या परदेशी कल्पना गोव्यात चालणार आहेत का?

वास्कोचा सप्ताह कुठल्या देशातून आला? श्रावणात दामोदराच्या भजनासाठी शहर रात्रभर जागे असते, मुख्य रस्त्यांवर फेरी भरते, खाज्याच्या आणि खेळण्यांच्या दुकानांतून लाखभर पावले जातात, आणि वाहने वळसा घालून जातात. शंभरहून अधिक वर्षे हे चालले आहे. शिगम्याच्या चित्ररथांना आणि कार्निव्हलला पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को, फोंडा आपापले रस्ते मोकळे करून देतात. कार्तिकात मडगावची दिंडी निघते तेव्हा गायनाच्या बैठका रस्त्यातच मांडल्या जातात आणि लोक डांबरावर बसून ऐकतात. चवथीच्या आधी माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे) सामान घेऊन गावागावांतून आलेल्या बाया रस्त्याच्या कडेला बसतात, त्या दोन दिवसांत त्यांना उठवायची कोणाची छाती होत नाही. पावसापूर्वीच्या पुरुमेंताचे (पावसाळ्यासाठीच्या साठवणीचे) फेस्त, नरकासुराची रात्र… यादी लांबवता येईल.

म्हणजे वळणमार्ग आखणे, आडव्या दांड्या लावणे, १०८ची वाट मोकळी ठेवणे, दुकानांच्या जागा पाडणे, सोपो (बाजारात बसण्याची फी) गोळा करणे आणि पहाटेपर्यंत कचरा उचलणे ही सगळी विद्या आपल्या पालिकांना आणि पोलिसांना पाठ आहे. हे ज्ञान वर्षातून पाच-सहा दिवस वापरून उरलेले दिवस कपाटात ठेवले जाते, एवढीच आमची तक्रार.

डेन्मार्कच्या थंडीत रस्त्यावर बसणार कोण, अशी शंका १९६२ साली तिथल्या व्यापाऱ्यांनीही घेतली होती. निदान थंडीची अडचण आपल्याला नाही.

सणाला करतोच आहोत, तेवढे पुरे नाही का?

सणाची गर्दी ठरवून आलेली असते. प्रश्न साध्या मंगळवारचा आहे. शाळा सुटल्यावर दप्तर सांभाळत रस्ता ओलांडणारी मुले, गुडघे धरून औषधाच्या दुकानाकडे निघालेली आजी, बसमधून उतरून कामावर जाणारी मोलकरीण यांना शिगम्याच्या मोकळ्या रस्त्याचा काय उपयोग? पणजी महापालिकेच्या हद्दीत २०११च्या जनगणनेनुसार जेमतेम ४० हजार माणसे राहतात, पण कचेऱ्या, शाळा आणि बाजार यांसाठी रोज बाहेरून येणाऱ्यांचा लोंढा मोठा. बस स्टँडवर उतरल्यापासून त्यातला प्रत्येक जण पादचारीच असतो, आणि त्याच्या वाट्याला येतो तो पदपथ मध्येच ट्रान्सफॉर्मरपाशी संपतो.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पादचाऱ्यांचा पदपथ वापरण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमाशी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला. १८ जून या रस्त्याला नाव मिळाले ते १९४६ साली मडगावच्या मैदानात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडून भाषण केले त्या दिवसावरून. मोकळ्या जागी जमण्याच्या हक्काचे नाव मिरवणाऱ्या रस्त्यावर आज दोन माणसे थांबून बोलली की मागून हॉर्न वाजतो.

माझे दुकान आहे. गिऱ्हाईक गाडीने येते. धंदा बसला तर भरपाई कोण देणार?

भरपाई कोणी देणार नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न टाळून चालत नाही.

आधी धंदा कसला ते पाहावे लागते. कापड, चपला, मिठाई, काजू, पुस्तके, भांडी, सोने या दुकानांना रेंगाळणारे गिऱ्हाईक हवे असते. चालणारा माणूस काचेत डोकावतो, ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्याला पाटीही वाचता येत नाही. चेन्नईच्या पाँडी बाजारात २०१९ साली रुंद पदपथांचा प्लाझा झाला तो भर कपड्यांच्या बाजारात. पुण्यात लक्ष्मी रस्ता २०२१पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून गाड्यांना बंद ठेवतात, तोही साड्यांचा आणि सराफांचा रस्ता. उलट फर्निचर, टाइल्स, हार्डवेअर, गॅस शेगड्या विकणाऱ्याचे गिऱ्हाईक हातात पिशवी धरून येत नाही. अशा दुकानांची रांग असलेला रस्ता निवडूच नये. आणि एखाद-दुसरे तसे दुकान मध्ये आले तर त्याच्या मालाच्या टेंपोला वेगळी वेळ द्यावी.

दुसरे म्हणजे, ‘माझी सगळी गिऱ्हाइके गाडीने येतात’ हे विधान मोजून पाहावे. आठवडाभर गल्ल्यावर एक वही ठेवा आणि बिल करताना एवढेच विचारा: कसे आलात? दुकानदार मोटारीने येणाऱ्यांचा आकडा बहुधा वाढवून सांगतात, हा अनुभव अनेक शहरांतला आहे. कारण स्पष्ट आहे. दाराशी मोटार लावणारा लक्षात राहतो, बसने येऊन शंभर रुपयांची खरेदी करून जाणारा राहत नाही.

एक धोका मात्र खरा आहे आणि त्याबद्दल आमची मंडळी कमी बोलतात. रस्ता छान झाला की भाडी वाढतात. जागा स्वतःची असलेला दुकानदार हसतो, भाड्याच्या जागेतला शिंपी किंवा घड्याळजी दोन वर्षांत गाशा गुंडाळतो आणि तिथे कॅफे उघडतो. पालिकेच्या मालकीचे गाळे असतील तिथे निदान पालिकेने तरी जुन्या भाडेकरूंना सांभाळावे. खासगी जागांवर उपाय अवघड आहे.

गाड्या लावायच्या कुठे?

सगळ्या बैठका शेवटी या प्रश्नापाशी येऊन अडतात. तेव्हा जरा सविस्तर.

शंभर मीटर रस्त्याची एक बाजू घ्या. ओळीने मोटारी लावल्या तर सोळा-सतरा मावतात. त्यातली प्रत्येक सकाळी ९ ला लागून संध्याकाळी ७ ला निघाली, तर त्या अख्ख्या पट्ट्याने दिवसभरात सोळा-सतरा माणसांची सोय केली. तीच जागा तासाभरात रिकामी होत राहिली तर दीडशेवर गाड्या येऊन जातात. दिवसभर हलत नाहीत अशा गाड्या कोणाच्या असतात? बऱ्याचदा खुद्द दुकानदारांच्या, त्यांच्या नोकरांच्या आणि वरच्या मजल्यावरच्या कचेऱ्यांतल्या माणसांच्या. गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही म्हणून ओरडणारा आणि गिऱ्हाइकाची जागा अडवणारा एकच निघतो, तेव्हा बैठकीत थोडा वेळ शांतता पसरते.

म्हणून आधी मोजणी. रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर तासाला चालत जायचे आणि उभ्या गाड्यांच्या क्रमांकांचे शेवटचे चार आकडे टिपायचे. दोन माणसे, एक साधा दिवस, एक शनिवार. मोठ्या सल्लागार कंपनीचा अहवाल न येताही पार्किंगचे चित्र समजते.

मग दर. रस्त्याकडेची जागा सर्वांत सोयीची, म्हणून ती सर्वांत महाग असायला हवी आणि तासागणिक दर चढायला हवा. आपल्याकडे उलटे आहे. पाटोला बहुमजली पार्किंग उभे असताना लोक दुकानाच्या दारातली जागा मिळेपर्यंत दोन-तीन फेऱ्या मारतात, कारण दारातली जागा फुकट किंवा जवळजवळ फुकट पडते. बाजारातली किती वर्दळ कुठेही जात नसते, नुसती जागा शोधत असते, हे एकदा सिग्नलपाशी उभे राहून पाहा.

रहिवाशांचा हिशेब निराळा ठेवावा. पणजीतल्या मळा, सांतोमे, फोंतांय या भागांतली जुनी घरे मोटारीच्या आधीची, गॅरेज नाही. तिथल्या माणसांना परवाना देऊन जागा आधी द्या, मग बाहेरच्यांचे बघू. आणि दुचाक्यांना विसरू नका. गोव्यातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा लोकसंख्येच्या घरात गेला आहे आणि त्यात बहुसंख्य दुचाक्या आहेत. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा स्कूटर राहतात. बंद पट्ट्याच्या दोन्ही टोकांना स्कूटरसाठी नीट जागा आखली तर निम्मा विरोध तिथेच विरघळतो.

एक रस्ता बंद केला की शेजारच्या गल्ल्या तुंबणार, हे उघड नाही का?

दिसते तितके उघड नाही. ब्रिटिश संशोधकांनी रस्ते बंद किंवा अरुंद केल्याची सुमारे ७० उदाहरणे ११ देशांतून गोळा करून पाहिली. त्यात एकूण वाहतूक कमी झाल्याचा मधला आकडा सुमारे ११ टक्के निघाला. काही लोक वेळ बदलतात, काही चालतात, काहींची फेरी मुळात टाळण्यासारखी असते.

पण हा आकडा गोव्यात जसाच्या तसा वापरू नये. रात्री आठनंतर काणकोणला किंवा पेडण्याला जायला बस मिळेल याची खात्री नसलेला माणूस स्कूटर सोडणार नाही. पणजीत सरकारी कदंब महामंडळाच्या इलेक्ट्रिक बसगाड्या फिरू लागल्या, ही चांगली गोष्ट. गावांकडे परतणाऱ्या शेवटच्या बसची वेळ मात्र तितकीच महत्त्वाची आहे. बस सुधारल्याशिवाय मोठा पट्टा बंद करू नका, तीनशे-चारशे मीटरपासून सुरुवात करा, आणि आतल्या गल्ल्यांतून कोणी सुसाट निघू नये म्हणून त्यांच्या तोंडाशीही उंचवटे हवेत.

रोज कशाला? रविवारी करूया की.

बोगोतात १९७४पासून रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी ७ ते २ शंभरावर किलोमीटर रस्ते सायकलींना आणि चालणाऱ्यांना मिळतात. तिथे रविवार योग्य आहे. पणजीचा बाजार रविवारी मुळात झोपलेला असतो. ओस रस्ता बंद करून कोणाला काय कळणार? मुलांच्या सायकलींसाठी कांपालला रविवार सकाळ उत्तम, पण बाजारपेठेची परीक्षा शनिवारी संध्याकाळी किंवा आठवड्यातल्या कामाच्या दिवशीच होते. म्हापशात शुक्रवार अर्थातच नको. तिथे शुक्रवारी रस्ता माणसांनी आपणहूनच घेतलेला असतो.

पावसाचे काय? चार महिने कोण बाहेर बसणार?

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. म्हणून युरोपातला नकाशा इथे नुसता उतरवला तर पहिल्याच आषाढात फजिती होते.

गुळगुळीत ग्रॅनाइट टाळा. पहिल्या सरीत ते निसरडे होते आणि श्रावणापर्यंत त्यावर शेवाळ धरते. लादी खडबडीत हवी. वाळूवर बसवलेले पेव्हर ज्या रस्त्यावर पाणी वाहते तिथे दोन पावसाळ्यांत उचकटतात, मग त्यांच्या खालून पिचकारी उडते. आणि पणजीसारख्या सखल शहरात मोठा पाऊस आणि मांडवीची भरती एका वेळी आली की गटारातले पाणी नदीत जायचे सोडून उलटे येते. १८ जून रस्त्यावर गुडघाभर पाणी साचल्याची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. अशा जागी पदपथ आणि रस्ता एका पातळीवर आणताना उतार चुकला तर पाणी थेट दुकानाच्या उंबऱ्यावर. तेव्हा सुशोभीकरणाचा आराखडा मागण्याआधी गटाराचा मागा.

छपरांचे म्हणाल तर जुन्या बाजारपेठांत दुकानांपुढे पडव्या होत्या, पाऊस चुकवत एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाता यायचे. नव्या इमारतींनी त्या काढून तिथे गाड्या लावल्या. सावलीसाठी झाडांना पर्याय नाही, मात्र मुळांभोवती काँक्रीट ओतून त्यांचा गळा आवळू नये. आणि बाकांना पाठ व हात टेकायला जागा हवी. बिनपाठीचा चकचकीत दगडी कट्टा फोटोत छान दिसतो, साठीपुढच्या माणसाला त्यावरून उठवत नाही.

रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचे बंब कसे जाणार?

मधोमध साडेतीन-चार मीटरची पट्टी सदैव मोकळी ठेवायची. कुंड्या, बाक, टेबले तिच्याबाहेर. उभ्या गाड्यांनी भरलेल्या आजच्या गल्लीपेक्षा बंब तिथून लवकर जाईल. अडथळे काढता येण्याजोगे असावेत आणि त्यांची किल्ली कोणाकडे आहे हे दलाला ठाऊक असावे.

गाडेवाले आणि फेरीवाले? ‘सुशोभीकरण’ म्हणजे त्यांना हाकलणे, असेच आजवर झाले आहे.

भीती खरी आहे. पण कायदा त्यांच्या बाजूने उभा आहे, वापरला पाहिजे. २०१४च्या पथविक्रेते कायद्याप्रमाणे शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यात एकतृतीयांश महिला. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही, आणि उठवायचेच तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. समिती कागदावर आहे की बैठकाही घेते, हे आपल्या पालिकेत जाऊन विचारा.

आमचे मत विचाराल तर गाडा नसलेला मोकळा रस्ता संध्याकाळी सातनंतर भकास वाटतो. रस ऑमलेटचा गाडा, भेळवाला, फुले विकणारी बाई, चण्याची टोपली ही माणसे थांबायला कारण देतात, आणि त्यांच्या नजरेमुळे एकट्या मुलीलाही तिथून जाताना बरे वाटते. फक्त चालण्याची पट्टी सोडून बसावे, पाणी आणि कचऱ्याची सोय पालिकेने करावी, आणि सोपो घेणाऱ्याने पावती द्यावी.

पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाले) आणि रिक्षा?

बंद पट्ट्याच्या तोंडाशी स्टँड द्या, आत नको. पायलटांना विश्वासात घेतले तर ते सर्वांत चांगले दिशादर्शक ठरतात, न घेतले तर पहिल्या दिवशी पहिला खटका त्यांच्याशीच उडतो. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांसाठी आतून फिरणारी एखादी संथ बॅटरी गाडी असावी. ती पर्यटकांच्या सफरीसाठी नको.

अंध माणसांना आणि व्हीलचेअरवरच्यांना सरसकट सपाट रस्ता सोयीचा नाही का?

व्हीलचेअरला सोयीचा, अंधाला धोक्याचा. पांढरी काठी वापरणारा माणूस पदपथाची कड चाचपत चालतो. ती कडच काढून टाकली आणि ‘सगळे एकमेकांकडे बघून चालतील’ असे ठरवले, तर ज्याला दिसत नाही त्याने काय करावे? ब्रिटनमध्ये याच तक्रारीवरून २०१८ साली सरकारने अशा सपाट रस्त्यांचे नवे प्रकल्प थांबवायला सांगितले. म्हणून गाड्या येणार असतील त्या रस्त्यावर पायाला कळेल अशा उंचवट्यांच्या लादीची सलग रेघ हवी, आणि ती झाडात किंवा खांबात जाऊन संपता कामा नये. पदपथावर चालायला निदान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी, असे भारतीय रस्ते काँग्रेसचे मानक सांगते. टेप घेऊन आपल्या रस्त्यावर मोजा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे. आराखडा कागदावर असतानाच अशा दोघा-तिघांना सोबत घेऊन रस्ता चालून बघावा. उद्घाटनाच्या दिवशी बोलावून उपयोग नाही.

स्कूटर आत घुसतातच. त्यांना कोण अडवणार?

अवघड प्रश्न. व्हीलचेअर जाण्यासाठी दोन खांबांत साधारण १.२ मीटरचे अंतर लागते, आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात निघते. दांडी लावून स्कूटर अडवली की व्हीलचेअरही अडते. पूर्णपणे लोखंडावर विसंबून भागत नाही. पहिले काही आठवडे माणूस उभा करावा लागतो, दंडही करावा लागतो. नंतर आतली गर्दीच काम करते. लोक आणि मुले रस्त्याच्या मधोमध असली की स्कूटरवाल्याला स्वतःलाच ओशाळे होते. रिकाम्या रस्त्यावर ते होत नाही, म्हणून आत काहीतरी चालू असणे फार महत्त्वाचे. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल मात्र अडवू नका.

आम्ही तिथेच राहतो. रात्री धिंगाणा आणि दिवसा फोटोवाले, हेच ना पदरी पडणार?

फोंतांयच्या रहिवाशांना विचारा. रंगवलेल्या भिंतींपुढे दिवसभर पोझ, लग्नाआधीचे फोटोशूट, दाराच्या पायरीवर बसलेली अनोळखी माणसे. लोकांनी घरांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या. आपल्याच बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) संध्याकाळी बसायची चोरी झाली. तो रस्ता कोणी आराखडा काढून पर्यटकांना दिलेला नव्हता, पण परिणाम तोच.

त्यामुळे जागा निवडताना पहिला निकष आमच्या मते हा असावा की स्थानिक माणूस तिथे रोज काही कामाला येतो का. मासळी, भाजी, औषध, बँक, शाळा असलेला रस्ता त्याचा राहतो. नुसता देखणा रस्ता लवकरच दुसऱ्याचा होतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. खुल्या रस्त्यावर तर वर्धक नकोच. गाणे हवे असेल तर घुमट आणि समेळ ही पारंपरिक वाद्ये पुरे. टेबले मांडायच्या परवान्याला रहिवाशांची संमती आणि बंद करण्याची वेळ जोडावी, आणि तक्रार आली तर परवाना खरोखर काढून घ्यावा.

पणजी आत्ताच खोदकामातून बाहेर पडली आहे. पुन्हा खोदणार?

नाही! स्मार्ट सिटीच्या कामांसाठी २०२३ आणि २०२४ मध्ये शहराने जे सोसले ते पाहता कुदळ हे शेवटचे हत्यार असावे. रंग, कुंड्या, बाक, दोरी आणि दोन पाट्या एवढ्यावर महिनाभर प्रयोग होतो. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये २००९ साली ब्रॉडवेचा तुकडा बंद केला तेव्हा सुरुवातीला लोकांना बसायला घडीच्या साध्या खुर्च्याच टाकल्या होत्या, पक्के बांधकाम नंतर झाले. प्रयोग फसला तर कुंड्या उचलायच्या. काँक्रीट उचलता येत नाही, म्हणून फसलेल्या योजनेचे समर्थन करत बसावे लागते.

भटकी गुरे येऊन बसली तर?

येतील. गाड्या असतानाही बसतातच.

परवानगी कोणाची लागते?

रस्ता कोणाचा आहे यावर बरेच अवलंबून. काही रस्ते पालिकेचे, काही सार्वजनिक बांधकाम खात्याचे. पणजीला स्वतःचा महापालिका कायदा आहे, मडगाव, म्हापसा, वास्को, फोंडा नगरपालिका कायद्याखाली येतात, आणि कळंगुट किंवा पर्वरी दिसायला शहर असले तरी कारभार पंचायतीचा, तेव्हा तिथे विषय ग्रामसभेत मांडावा लागेल.

वाहने अडवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५मधून येतो. सणांच्या वेळी जिल्हाधिकारी आदेश काढतात तो याच कलमाखाली. त्यात एक सोयीची तरतूद आहे: निर्बंध महिनाभरापुरताच असेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरते. महिनाभराचा प्रयोग हा कायद्यालाही सोपा जातो तो असा. अर्ज पालिकेमार्फत जावा आणि त्यावर वाहतूक पोलिसांचे मत आधीच घेतलेले असावे. नगरसेवकाला शेवटी सांगू नका.

आमच्या भागात सुरुवात कुठून करावी?

शाळेपासून. शाळा भरताना आणि सुटताना पाऊण-पाऊण तास दारापुढचा शंभर-दोनशे मीटरचा तुकडा बंद. त्याला विरोध करणे कोणालाही जड जाते, पालकच स्वयंसेवक होतात, आणि मुलांना दारात सोडण्यासाठी मोटारींची जी रांग लागते तिचा उपद्रव सगळ्यांना मान्य असतो. ते सवयीचे झाले की बाजाराकडे वळा. आधी पार्किंगची मोजणी, मग दुकानदारांची बैठक, ती दुपारी दुकाने बंद असतात त्या वेळेत ठेवा, मग पायलट आणि गाडेवाले, मग पालिका.

यश मोजायचे तर उद्घाटनाच्या गर्दीवरून मोजू नका. तिसऱ्या आठवड्यात, काहीही कार्यक्रम नसताना, तिथे किती लहान मुले आणि किती म्हातारी माणसे थांबली होती ते मोजा. नुसती गेलेली नव्हेत, थांबलेली.

कोणत्या महिन्यात करावे?

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, पण दिवाळीचे दिवस टाळून. तेव्हा नरकासुरांनी रस्ते अगोदरच घेतलेले असतात आणि पोलीस दमलेले. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा नको, त्या गर्दीत रहिवासी किती आणि पर्यटक किती काही कळत नाही. फेब्रुवारीत कार्निव्हलचा आठवडा सोडून जमते. एप्रिल-मे मध्ये करायचे तर साडेपाचनंतरच. त्याआधी डांबर तापलेले असते.